हात थरथरण्याचे दिवस

सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख ठरली आणि देवयानीने मनाशी पक्कं केलं, आता बास. सुमतीबाई डोंबिवलीहून येणार होत्या, ऑपरेशन ठाण्यातच व्हायचं होतं आणि नंतर काही दिवस त्या घोडबंदर रोडच्या या फ्लॅटमध्ये राहायच्या होत्या. दिवसभर घरात दुसरं माणूस असलं की आपोआप जमेल, असं तिला वाटलं. एकटं असण्यामुळेच तर सगळं सुरू झालेलं.

नवरा मुकुल सकाळी बाहेर पडायचा तो रात्रीच यायचा. पुलांची कामं घेणाऱ्या कंपनीत इंजिनीयर होता, साइट आज इथे तर उद्या तिथे. मुलगी क्षिप्रा पुण्याला हॉस्टेलवर. देवयानी एका विमा कंपनीत क्लेम्सची टीम सांभाळायची, आठवड्यातले बरेच दिवस घरूनच. लॉकडाऊनमध्ये संध्याकाळी लॅपटॉप बंद केल्यावर एक ग्लास वाइन घ्यायला लागली. ते मुकुललाही माहीत होतं, कधीकधी तोही सोबत घ्यायचा. मग त्याचं ऑफिस सुरू झालं. हिची वाइनची व्होडका कधी झाली आणि संध्याकाळची दुपार कधी झाली, ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. मीटिंगमध्ये तिच्या शेजारी एक स्टीलची बाटली असायची, लिंबूपाण्याची. टीममधली मुलं म्हणायची, मॅडम किती हेल्दी आहेत.

मोठ्या बाटल्या बाल्कनीत, व्यायामाच्या सायकलमागे असायच्या. त्या सायकलवर गेली दोन वर्षं फक्त टॉवेल वाळत होते आणि ते घालायची-काढायची तीच, त्यामुळे तिकडे दुसरं कुणी फिरकायचं नाही.

ऑपरेशनच्या दिवशी संध्याकाळी मुकुल आईला घेऊन निघाल्याचा फोन आला. देवयानीने उरलेली सगळी सिंकमध्ये ओतली. वास जावा म्हणून मागोमाग फिनेल ओतलं. रिकाम्या बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून खाली कचऱ्याच्या डब्यात टाकून आली. लिफ्टने वर येताना तिला फार हलकं वाटत होतं. इतकं सोपं होतं तर आधीच का नाही केलं, असंही मनात आलं.

त्या रात्री तिला झोप लागली नाही. ते अपेक्षितच होतं.

सकाळी डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे सुमतीबाईंच्या डोळ्यावरची पट्टी काढली आणि थेंब घालायची वेळ झाली. सुमतीबाई खुर्चीत मान मागे टाकून बसल्या. देवयानीने बाटलीचं झाकण काढलं आणि डोळ्यावर धरली, तेव्हा पहिल्यांदा तिला स्वतःचा हात दिसला. बाटलीचं टोक लहान मुलाने धरल्यासारखं इकडून तिकडे हलत होतं. तिने दुसऱ्या हाताने मनगट पकडलं. मग दोन्ही हात हलायला लागले.

"वर बघा हं आई."

"वरच बघतेय गं."

पहिला थेंब भुवईवर पडला. दुसरा गालावर. नुकतंच ऑपरेशन झालेला डोळा उघडा होता आणि ते टोक त्याच्यापासून बोटभर अंतरावर नाचत होतं. देवयानी मागे सरली. तिच्या मानेवरून घाम ओघळत होता, आणि एसी तर चालू होता.

सुमतीबाईंनी हात वर केला, चाचपत तिचं मनगट शोधलं आणि घट्ट धरलं. "आता सोड," त्या म्हणाल्या. थेंब डोळ्यात पडला.

"चहा जास्त झालाय बहुतेक सकाळपासून," देवयानी म्हणाली.

"असेल," सुमतीबाई म्हणाल्या.

त्या दिवशी तिने रजा टाकली नाही. सासूबाईंच्या खोलीचं दार अर्धं लोटून जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला, पण बसवेना. एक मेल वाचायची, उठायची. फ्रिज उघडायची, बंद करायची. गॅलरीत जायची, खालच्या रस्त्यावरचे ट्रक बघायची, परत यायची. पायात मुंग्या नव्हत्या, पण पाय जागेवर राहायला तयार नव्हते. छातीत कुणीतरी सतत घाई करतंय, असं वाटत होतं, आणि घाई कसली ते काही कळत नव्हतं. टाइप करताना एकेक अक्षर दोनदा उमटत होतं. कुकरची शिट्टी झाली तेव्हा ती इतकी दचकली, की हातातला मोबाइल खाली पडला.

दुपारी दारावरची बेल वाजली. तिने जाऊन दार उघडलं, बाहेर कुणी नव्हतं. थोड्या वेळाने परत वाजली. परत कुणी नाही. तिने समोरच्या फ्लॅटमधल्या मृणालला मेसेज केला, तुमच्याकडे मुलं खेळतायत का बेल वाजवून? मृणालचं उत्तर आलं, अगं मुलं शाळेत आहेत.

"आई, बेल वाजली ना आत्ता?"

सुमतीबाई काळा चष्मा लावून रेडिओ ऐकत बसल्या होत्या. त्यांनी आवाज कमी केला. "नाही वाजली."

देवयानी तिथेच दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली.

"बस इथे," सुमतीबाई म्हणाल्या. ती पलंगाच्या कडेवर टेकली. सुमतीबाईंनी रेडिओ पूर्ण बंद केला. त्या अडतीस वर्षं डोंबिवलीच्या शाळेत मराठी शिकवत होत्या, आणि त्यांचं बोलणं अजूनही वर्गातल्यासारखी शांतता पसरल्याशिवाय सुरू होत नसे.

"कधी सोडलीस?"

"काय?"

"जी घेत होतीस ती."

देवयानीला वाटलं, आपण उठून जावं. पण उठता येईना.

"दिवाळीत आले होते तेव्हा वास यायचा," सुमतीबाई म्हणाल्या. "पुदिन्याच्या गोळीच्या आडून यायचा. मला तेव्हा एका डोळ्याने धड दिसत नव्हतं, पण नाकाला काही झालं नव्हतं. आज तू थेंब घालायला एवढी जवळ आलीस आणि वास नाही. हात मात्र थरथरतोय. मग मी काय समजायचं?"

"काल संध्याकाळी," देवयानी म्हणाली. "सगळी ओतून टाकली."

"चांगलं केलंस."

"मुकुलला..."

"मी काही सांगणार नाही. तुझं तू सोडलंयस, तुझं तू सांग, हवं तेव्हा. दोन-चार दिवस त्रास होईल, तेवढा सोस. लिंबू-मीठ-साखरेचं पाणी पीत जा. बाकी मनाचा निर्धार असला की सगळं होतं."

देवयानीला रडायला आलं. आजवर तिने मनात कितीदा तरी कल्पना केली होती, की सासूबाईंना कळलं तर काय होईल. त्या सगळ्या कल्पनांमध्ये आरडाओरडा होता, माहेरी फोन होता. हे असं शांतपणे सरबत सांगणं कुठेच नव्हतं. दोघींनी मिळून तो दिवस ढकलला. मुकुल आला तेव्हा सुमतीबाईच म्हणाल्या, हिला जरा कणकण आहे, लवकर झोपू दे. ती पडून राहिली, डोळे मिटले की पापण्यांच्या आत काहीतरी वळवळायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी थेंब मुकुलनेच घातले आणि तो साइटवर गेला. देवयानीचं अंग आतून तापल्यासारखं होत होतं. दोनदा ओकली. सुमतीबाई दर थोड्या वेळाने विचारत होत्या, कसं वाटतंय, आणि ती म्हणत होती, ठीक आहे. तिला खरंच वाटत होतं की त्रास होतोय म्हणजेच काहीतरी बरं होतंय. शिक्षा असावी तशी ती तो मोजूनमापून भोगत होती.

दुपारी आमटीसाठी कुकर उतरवायला ती ओट्याशी गेली. हात पुढे केल्याचं तिला आठवतं. त्यानंतर छताचा पंखा होता, जिभेला रक्ताची चव होती आणि मृणालचा चेहरा होता, उलटा. ती काहीतरी बोलत होती. मागे कुठेतरी सुमतीबाईंचा आवाज येत होता, "कुशीवर वळव तिला, कुशीवर."

तिला फिट आली होती. सुमतीबाईंनी भिंत धरून धरून मुख्य दार गाठलं होतं आणि समोरचं दार दोन्ही हातांनी बडवलं होतं. डोळ्याला धक्का लागू द्यायचा नाही, वाकायचं नाही, अशी त्यांना सक्त ताकीद होती. त्या जमिनीवर बसून सुनेचं डोकं मांडीवर घेऊन होत्या.

मृणालने वॉचमनला वर बोलावलं, गाडी काढली आणि माजिवड्याच्या अलीकडे असलेल्या एका हॉस्पिटलमध्ये त्यांना आणलं. मुकुल थेट तिथेच पोचला, साइटवरच्या हेल्मेटचा पट्टा अजून हनुवटीखाली तसाच.

कॅज्युअल्टीत पडद्याच्या आड देवयानी पडली होती. आजूबाजूचं सगळं तिला कळत होतं, पण पाण्याखालून ऐकल्यासारखं. ड्यूटीवरचा तरुण डॉक्टर मुकुलला एकेक विचारत होता. आधी कधी फिट आली होती? नाही. घरात कुणाला? नाही. डोक्याला मार? ताप? शुगर? काही गोळ्या चालू?

"दारू, तंबाखू काही?"

"नाही हो," मुकुल म्हणाला. "पार्टी-बिर्टीत एखादा ग्लास वाइन. बाकी नाही."

डॉक्टरने मान डोलावली. मेंदूचा स्कॅन करू, म्हणाला. देवयानीने तोंड उघडलं. जीभ सुजली होती. आता सांगावं, आता सांगावं असं मनात येत होतं आणि शब्द पुढे सरकत नव्हते. कॉटच्या दांडीवर तिचा हात खडखड वाजत होता.

"घेते ती," सुमतीबाई म्हणाल्या.

त्या स्टुलावर बसल्या होत्या, काळ्या चष्म्यात, पदरावर कुकरमधून सांडलेल्या डाळीचे डाग.

"रोज घेत होती. दिवसाही. परवा संध्याकाळी एकदम बंद केली. हिचे हात तेव्हापासून थरथरतायत. काल बेल वाजल्याचे भास झाले. हे मला माहीत होतं आणि मी तिला सरबत प्यायला सांगितलं."

"आई, काय बोलतेस तू?" मुकुल म्हणाला.

डॉक्टर आता त्याच्याकडे बघत नव्हता. तो वळून कॉटजवळ आला, वाकला. "मॅडम, बरोबर आहे हे? तुम्हाला रागावणार नाही कुणी. मला फक्त औषध ठरवायचंय. शेवटची कधी घेतली? रोज किती?"

"थोडी," देवयानी म्हणाली.

"थोडी म्हणजे?"

तिने मुकुलकडे बघितलं नाही. "पाव बाटली." मग थांबली. "नाही. अर्धी. कधीकधी जास्त. व्होडका."

पडद्याच्या बाहेर कुणाचं तरी बाळ रडत होतं. डॉक्टरने नर्सला भराभर दोन-तीन औषधांची नावं सांगितली, सलाइन सुरू करायच्या आधी बी-वन जीवनसत्त्वाचं इंजेक्शन द्यायला सांगितलं, आणि आयसीयूत बेड आहे का विचारायला पाठवलं. स्कॅनही करू, तो म्हणाला, पण आता मला दिशा कळली.

पुढचे दोन दिवस देवयानीला तुकड्यातुकड्यांनीच आठवतात. सलाइनच्या नळीतून मुंग्या चढत होत्या आणि त्या कुणीतरी काढाव्यात म्हणून ती ओरडत होती. नर्सला ती टीममधली मुलगी समजली आणि क्लेमची फाइल का रखडली म्हणून झापलं. चादरीवरचे नसलेले दोरे उपटत राहिली. औषधाने झोप यायची, पुन्हा जाग यायची तेव्हा छातीतली ती घाई थोडी कमी झालेली असायची. एका सकाळी जाग आली तेव्हा नळी नुसती नळी होती.

त्या दिवशी डॉक्टर रचना मोने आल्या. मानसोपचारतज्ज्ञ. साध्या सुती कुर्त्यातल्या, पन्नाशीच्या. त्यांनी खुर्ची ओढून घेतली आणि मुकुल व सुमतीबाईंनाही थांबायला सांगितलं.

"काय झालं ते समजून घ्यायचंय का?" त्यांनी विचारलं.

देवयानीने मान हलवली.

"दारू मेंदूला मंद करते. रोज, भरपूर प्यायली की मेंदू त्या मंदपणाविरुद्ध जोर लावून काम करायला शिकतो. सतत जोर लावूनच बसतो. मग एक दिवस तुम्ही दारू काढून घेता. पण तो जोर लगेच ओसरत नाही. हात थरथरतात, घाम येतो, झोप उडते, नसलेले आवाज येतात. काहींना फिट येते. काहींचा ताप, ठोके, भान, सगळंच हाताबाहेर जातं आणि वेळेवर उपचार नाही झाले तर माणूस दगावूही शकतो. तुम्ही त्या कडेपर्यंत जाऊन आलात."

"म्हणजे सोडायला नको होती?" देवयानीने विचारलं.

"सोडायलाच हवी होती. फक्त डॉक्टरच्या देखरेखीखाली. आम्ही औषध देतो, ते मेंदूला आधार देतं आणि मग ते हळूहळू कमी करतो. ते औषधही स्वतःच्या मनाने घ्यायचं किंवा वाढवायचं नाही."

सुमतीबाई म्हणाल्या, "मी तिला म्हटलं, निर्धार असला की होतं."

"निर्धार तिने दाखवलाच की," डॉक्टर म्हणाल्या. "सगळी ओतून दिली. निर्धाराने फिट थांबत नाही एवढंच. आणि तुम्ही त्या दिवशी इथे खरं बोललात म्हणून उपचार लगेच सुरू झाले."

सुमतीबाईंनी चष्मा काढला, रुमालाने गाल पुसला, डोळ्याला हात न लावता.

मुकुल खिडकीशी उभा होता. सगळ्या बोलण्यात त्याने एकच प्रश्न विचारला, "आता बरी झाली ना ही?"

"शरीराचा पहिला धोका टळलाय," डॉक्टर म्हणाल्या. "बरं होणं आता सुरू होईल. ओढ येणार. गोळ्या आहेत त्यासाठी, समुपदेशन आहे, गट आहेत. आणि परत घेतली गेली, तर लपवायचं नाही, आणि पुन्हा एकदम बंदही करायची नाही. मला फोन करायचा."

सुमतीबाई घरी गेल्यावर मुकुल कॉटजवळ येऊन बसला. बराच वेळ मोबाइल नुसताच हातात फिरवत राहिला.

"मी रोज तुझ्या शेजारी झोपत होतो," तो म्हणाला.

"हो."

"मला कळलं नाही, की तू कळू दिलं नाहीस?"

देवयानीने विचार केला. खोटं बोलायची तिला इतकी सवय झाली होती, की खरं उत्तर शोधायला वेळ लागला. "दोन्ही," ती म्हणाली.

"रजा टाकून बसलोय मी इथे आणि मला तुझा प्रचंड राग येतोय. आणि तू मेली असतीस हे पण सारखं डोक्यात येतं. काय करायचं मी?"

"माहीत नाही."

"क्षिप्राला काय सांगू? डेंग्यू सांगितलाय मी."

"मी सांगते."

तिने संध्याकाळी फोन केला. सगळं ऐकून क्षिप्रा म्हणाली, "आई, ती स्टीलची बाटली ना?" देवयानी हो म्हणाली. "मला वाटायचं कधीकधी," क्षिप्रा म्हणाली, आणि मग दोघीही रडल्या. फोन मात्र कुणीच ठेवला नाही.

घरी आल्यावर सुरुवातीचे आठवडे वाईट गेले. हात थांबले होते, पण मन थांबत नव्हतं. चार वाजले की घर अंगावर यायचं. ती ओट्यावरचे डबे काढून परत लावायची, सोसायटीच्या आवारात फेऱ्या मारायची, लिफ्टची वाट न बघता जिने चढायची. ऑफिसात तिने मॅनेजरला आजारपण एवढंच सांगितलं आणि घरून काम करणं बंद करून रोज ऑफिसला जायला लागली. सुमतीबाई पुढच्या तपासणीपर्यंत राहिल्या, डोळा छान झाला होता, मग डोंबिवलीला गेल्या. रोज दुपारी चारला त्यांचा फोन यायचा. त्या कधीच विचारायच्या नाहीत, घेतलीस का. भाजी कोणती केलीस, विचारायच्या.

डॉक्टर रचनांनी सांगितलेल्या, दारू सोडणाऱ्या बायकांच्या गटात देवयानी पहिल्यांदा गेली ती नौपाड्यातल्या एका शाळेच्या वर्गात. सात-आठ जणी. ती दाराजवळच्या बाकावर बसली, पर्स मांडीवर, पाय सतत हलत. शेजारी दिवा गावाहून आलेली शीला म्हणून एक बाई होती.

"मी पण पहिल्यांदा अशीच दाराजवळ बसलेली," शीला हळूच म्हणाली. "चप्पल पण काढलेली नव्हती. म्हटलं, कंटाळा आला तर लगेच पळायला बरं."

"मग?"

"मग काय, पळाले. पुढच्या आठवड्यात परत आले."

देवयानी त्या दिवशी काही बोलली नाही. पण पळालीही नाही. तिसऱ्या खेपेला तिने नाव सांगितलं. मग मध्ये एकदा, एका सोमवारी, ऑफिसमधून येताना रिक्षा थांबवून एक छोटी बाटली घेतली. ती रिक्षातच उघडली, प्यायली आणि घरी येऊन बाथरूममध्ये बसून डॉक्टर रचनांना फोन केला. त्या रागावल्या नाहीत. उद्या सकाळी या, म्हणाल्या, आणि मुकुलला सांगा. तिने मुकुलला सांगितलं. तो जेवण सोडून उठला, गॅलरीत जाऊन उभा राहिला, मग आत येऊन गार झालेला भात जेवला.

सकाळी तोच तिला घेऊन निघाला. आजवर तो हॉस्पिटलच्या दाराशी सोडायचा आणि पुढे जायचा. घोडबंदर रोडला नेहमीसारखीच गाड्यांची रांग लागली होती, मेट्रोच्या खांबांच्या बाजूने इंचाइंचाने सरकत. पुढे डाव्या हाताला वाइन शॉपचं शटर अर्धं वर होतं, आत कुणीतरी झाडू मारत होतं. देवयानीने मान दुसरीकडे वळवली. हातांची बोटं एकमेकांत अडकवली.

मुकुलने ते बघितलं. "आत्ता वाटतंय?" त्याने विचारलं.

हे त्याने आजवर कधी विचारलं नव्हतं.

"हो."

"खूप?"

"खूप."

मागच्या टेम्पोने हॉर्न मारला. मुकुलने गाडी थोडी पुढे घेतली, पुन्हा थांबवली. "मग मी काय करू आत्ता? मला खरंच माहीत नाही."

"काहीच नको करूस. बोलत रहा. कशावरही."

तो विचारात पडला. मग त्याच्या साइटवरच्या एका क्रेनबद्दल सांगायला लागला, जी दोन दिवस बंद पडली होती आणि कुणालाच कळत नव्हतं का. क्रेनमधलं देवयानीला काही समजत नव्हतं. ती मध्येमध्ये विचारत होती, मग? पुढे? रांग सरकली, दुकान मागे गेलं. माजिवड्यापर्यंत पोचायला त्यांना बराच वेळ लागला. गाडी लावल्यावर मुकुलने इंजिन बंद केलं आणि पट्टा काढला.

"आत येऊ का?" तो म्हणाला.

"ये," ती म्हणाली.